मंदाक्रांतेची नखं

१८ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी दीप्तीचा व्हिडिओ कॉल. मुलगी बापाची चौकशी करील अशी अपेक्षा होती. तिने आधी कुत्री दाखवा म्हणून सांगितलं. मोबाइल खाली धरला. म्हणे, बाबा, मंदाची नखं बघा केवढी वाढलीत, तिला चालता तरी येतं का? मी म्हटलं, तिची चाल मुळातच तशी आहे. म्हणून तर नाव मंदाक्रांता ठेवलं. हळू पावलं टाकणारी. वृत्त आहे ते, शाळेत शिकवायचे. दीप्ती म्हणाली, नाव तुम्ही नंतर ठेवलंत, मी आणली तेव्हा ती सोफ्यावरून उड्या मारायची.

मला असं काही आठवत नाही.

शेवटी धमकी. पंधरा डिसेंबरला, रविवारी, येणार. तोपर्यंत नखं नीट झाली नसतील तर मंदाला सांताक्रूझला घेऊन जाणार. त्यांची नवी सोसायटी पेट-फ्रेंडली आहे. म्हणजे काय, लिफ्टमध्ये कुत्र्याला नमस्कार करतात?

घेऊन जाणार म्हणे! या घरात माझ्या कविता शेवटपर्यंत ऐकणारा एकच जीव आहे. प्रेमा दुसऱ्या ओळीला कुकर बघायला उठते. कुकर लावलेला नसला तरी. तळमजल्यावरच्या कुंडलिकला दुसऱ्या ओळीला फोन येतो. परवा फोन घरी विसरला होता, तरी आला. सातवीत म्युनिसिपल शाळेत कवितापठणाचा स्टीलचा पेला मिळाला, तेव्हाही परीक्षक मध्येच उठून व्हरांड्यात गेले होते. मंदा उठत नाही. समोर फरशीवर बसते, डोळे माझ्याकडे, शेवटचा शब्द संपेपर्यंत जागची हलत नाही. पांढरी शुभ्र, उशीएवढी पॉमेरेनियन, पण रसिकता केवढी!

संकल्प : नखं मी स्वतः कापणार. याच आठवड्यात. पंधरा डिसेंबर कशाला हवा?

२० नोव्हेंबर, बुधवार

ऑनलाइन मागवलेली कात्री आली. खास कुत्र्यांच्या नखांची. दिसायला अडकित्त्याची धाकटी बहीण.

यूट्यूबवर व्हिडिओ पाहिले. एक गोरी बाई कुत्र्याला ‘बेबी, बेबी’ करते, त्याच्यासमोर चाटायला शेंगदाण्याचं लोणी ठेवते आणि हळूच नख कापते. लाच! आयुष्यभर म्युनिसिपालिटीच्या पाणीखात्यात काढलं, लाच कशी चालते ते मला शिकवू नका. माझ्याकडे याहून वरच्या दर्जाचं साधन आहे. काव्य.

पद्धत ठरली. नाव दिलं : यतिच्छेद. मंदाक्रांतेच्या ओळीत थांबायच्या जागा ठरलेल्या असतात, त्यांना यती म्हणतात. चार अक्षरं झाली की थांबायचं, मग सहा, मग सात. प्रत्येक थांब्याला एक नख. मंदा तल्लीन असणार, तिला कळणारही नाही. आमचे गुरुजी बाकावर पट्टी आपटून यती शिकवायचे. त्या पट्टीचा आवाज अजून कानात आहे. हल्लीच्या मुलांना यती म्हणजे कुठल्या तरी ॲपचं नाव वाटेल.

या कामासाठी खास रचना हाती घेतली. दोन ओळी बसल्या :

ये ना मंदे, हळु हळु पदे टाकिशी अंगणी तू
कानी माझ्या नखरव तुझा गोड वीणाच वाजे

‘नखरव’ हा शब्द माझा. नखांचा आवाज. फरशीवर ती चालते तेव्हा जी टिकटिक होते ना, ती. नखं कापल्यावर थोडी उरेल इतपतच कापायची.

प्रेमाला ऐकवलं. ती म्हणाली, “आंगण खय आसा? ह्या वन रूम किचनात?” आणि कुकर बघायला गेली. मालवणच्या लोकांना मासे दिसतात, कल्पना दिसत नाही.

तिसरी ओळ अडली आहे. येईल.

जाता जाता : उजव्या मोज्याला पुढे भोक. मोजे नवे होते. हल्ली मालच हलका.

२३ नोव्हेंबर, शनिवार

प्रेमाने सकाळीच बजावलं, आज शनिवार, आज कोणाचीच नखं कापू नयेत. दिवेलागणीनंतर तर अजिबातच नाही. हसलो. चांद्रयान उतरलं चंद्रावर, आणि चारकोपच्या सेक्टरात अजून नखांना वार. मुद्दाम आजच करायचं ठरवलं. संध्याकाळी, दिवे लागल्यावर. अंधश्रद्धेला धडा.

मंदाला मांडीत घेतलं. डावा पंजा डाव्या हातात, कात्री उजव्या. सुरुवात केली. ‘ये ना मंदे’, थांबा, कट्. काही तरी कापलं गेलं. मंदा हलली नाही! ‘हळु हळु पदे’, थांबा, कट्. तरी हलली नाही. मी इतका रंगलो की ‘अंगणी तू’ला आवाज लावला. कविता म्हणताना माझे डोळे मिटतात, ही लहानपणापासूनची सवय. गुरुजी त्याला समाधी म्हणायचे.

डोळे उघडले. मंदाची नखं होती तशीच. लेंग्याची नाडी तीन ठिकाणी कापलेली.

उठलो तेव्हा काय झालं ते लिहीत नाही. प्रेमा दारात होती, आणि दार उघडं असल्यामुळे समोरच्या ब्लॉकमधली शेवंतीही. दोघींना हसू आवरेना. सात वर्षांच्या मुलींसारख्या.

मुद्दा एवढाच की मंदा हलली नाही. पद्धत सिद्ध झाली. फक्त निशाणा चुकला.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज डोळे उघडे ठेवायचे असा निश्चय केला. उघडे ठेवले. ‘नखरव तुझा’ला पापण्या जड झाल्या, तेवढ्यात कट्.

मंदा किंचाळली. असा आवाज तिच्यातून निघू शकतो हे मला माहीत नव्हतं. नखाच्या टोकातून रक्त. पांढऱ्या केसांवर लाल, फरशीवर ठिपके. मला चक्कर आली नाही. विचार करण्यासाठी मी खाली बसलो, मग अधिक विचार करण्यासाठी आडवा झालो. प्रेमाने धावत येऊन कॉर्नफ्लोअरचा डबा उघडला, चिमूटभर नखावर दाबून धरलं. रक्त थांबलं. कॉर्नफ्लोअर मंच्युरियनला लागतं, नखाला लागतं हे तिला कुठून कळलं कोण जाणे. बायका मोबाइलवर काय काय बघत असतात.

मंदा पलंगाखाली गेली. लंगडत. रात्रीच्या पठणाला आली नाही.

कात्री कपाटात ठेवली. काही दिवस शांतता पाळावी.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

कुंडलिकबरोबर मॉर्निंग वॉक. मंदा सोबत होती, निम्म्या वाटेनंतर कडेवर. कुंडलिकला ना छंद कळतो ना छंदाची चाल. ‘सीत्या,’ म्हणाला, ‘त्या बिचारीची नखं जमिनीला टेकतात रे, डॉक्टरला दाखव ना यार. आणि तू असा बदकासारखा का चालतोयस?’ मी सांगितलं, चप्पल लागते. नवी घेणार आहे, एक नंबर मोठी. तो म्हणाला, ‘चप्पल मोठी करून काय होणार?’ बँकेतून रिटायर झालेल्या माणसाला पायाचं काय कळतं?

संध्याकाळी दवाखान्यात गेलोच. कुंडलिकने सांगितलं म्हणून नाही. प्रेमा मागे लागली म्हणून.

डॉक्टर क्षमा. वय दीप्तीएवढं, टेबलावर मंदाला उभं करताच मंदा थरथरायला लागली. डॉक्टरीणबाई सांगत होत्या की नखाच्या आत रक्ताची नस असते, नख वाढलं की नसही पुढे येते, काळ्या नखात ती दिसत नाही, म्हणून एकदम कापायचं नाही, रोज कागदाएवढा पातळ काप घ्यायचा, मध्ये काळा ठिपका दिसला की थांबायचं. मग नस हळूहळू मागे सरकते. शिवाय नखं टेकली की पंजा वाकडा पडतो, दुखतो, म्हणून अशी कुत्री एका जागी बसून राहतात. वगैरे. मी भिंतीवरचा तक्ता बघत होतो. त्यात लॅब्राडोरचं स्पेलिंग चुकलं होतं. ते त्यांना सांगितलं.

त्या म्हणाल्या, ही टेबलाला फार घाबरते, घरीच कोणी तरी शांतपणे केलेलं बरं. मी छाती पुढे काढून म्हटलं, मी करतो. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, काका, तुमची दोघांची चाल अगदी सारखी आहे.

अशी दाद आजवर कुंडलिकने दिली नाही.

निघताना प्रेमा मागे राहिली. डॉक्टरीणबाईंशी बराच वेळ बोलत होती, पंजा हातात धरून काही तरी दाखवत-विचारत होती. बायकांच्या गप्पा. मी बाहेर रिक्षा थांबवून उभा. रिक्षावाला जाम कटकट्या.

३० नोव्हेंबर, शनिवार

आज करणार होतो. पण आज शनिवार. शिवाय अमावास्या लागते आहे. मी मानत नाही, पण घरात मानणारी माणसं असताना त्यांच्या भावना दुखवण्यात काय अर्थ? सहजीवन म्हणून काही असतं.

उद्या रविवार. सुट्टीच्या दिवशी मंदाला त्रास नको.

सोमवारी देवदिवाळी. सणाच्या दिवशी कात्री?

मंगळवार तर वाईटच.

आपल्या पूर्वजांनी काही तरी विचार करूनच हे नियम केले असणार. उगाच हसण्यावारी नेतात लोक.

३ डिसेंबर, मंगळवार

नवा विचार. नखं कापायचीच कशाला? नखं झिजवावीत. निसर्गाचा मार्ग. पूर्वी आमच्या लालबागच्या चाळीत कुत्री हिंडायची, त्यांची नखं कोणी कापली? दगडी फरसबंदीवर झिजायची. मंदाला रोज सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवरून फिरवायचं, लांबवर.

सुरुवात केली. मंदा गेटपर्यंत आली आणि बसली. मीही बसलो, कारण चप्पल. नवी आहे, एक नंबर मोठी, तरी अंगठ्याला लागते. हल्ली नंबरही खोटे छापतात. वॉचमन विचारू लागला, अंकल, डॉक्टर बुलाऊँ? कोणासाठी ते त्याने सांगितलं नाही.

घरी आल्यावर प्रेमा म्हणाली, “पाय दाखवा बघू तुमचे.” दाखवले नाहीत. मी काय लहान पोर आहे? खाली वाकायला मला काही त्रास होत नाही. वाकत नाही, एवढंच.

५ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. प्रेमाने घट मांडला, वेणी, फळं, सगळं साग्रसंगीत. आणि याच घरात सकाळी गॅलरीतून सुकटीचा वास! जाऊन बघतो तर प्रेमा पाटावर बसलेली, मंदा तिच्या मांडीवर पालथी, आणि ही बाई डब्यातून एकेक सुकी कोळंबी तिला भरवते आहे. मी विचारलं, मार्गशीर्षात सुकट? ती म्हणाली, “कुत्र्याक मार्गशीर्ष नसता.” मी म्हटलं, मला तरी विचारायचंस, मी महिनाभर दुधी खाणार आहे. म्हणाली, “तुमी आत जावा, हिका भूल पडता तुमका बघून.” म्हणजे मंदा मला बघून बावरते असं तिला म्हणायचं होतं. भाषा तरी काय!

लाड करून कुत्र्यांना बिघडवतात ते हे असं. दुपारभर मनात लेख जुळवला : ‘प्राण्यांवर साहित्यसंस्कार की सुकटसंस्कार?’

६ डिसेंबर, शुक्रवार

कुंडलिक पहाटेच दादरला गेला, त्यामुळे वॉक नाही. बरंच झालं, पाय ठणकतो आहे. हवेतला गारवा. चोवीस डिग्री काही कमी नाही.

प्रेमा पुन्हा गॅलरीत. पुन्हा डबा. पाच-दहा मिनिटांत उठते, रोज. काय चालतं कोण जाणे.

कात्री कपाटात नाही. मंदानेच लपवली असावी. हुशार आहे. वापरायची वेळ येईल तेव्हा शोधू.

८ डिसेंबर, रविवार

घरात काही तरी गडबड आहे. झाडू मारताना सुपल्यात बारीक काळ्या चकत्या, वाळूच्या कणापेक्षा जरा मोठ्या. काळी मिरी भरडली म्हणावी तर घरात मसाला केलेला नाही. उंदीर? प्रेमाला दाखवलं. तिने बघितलंही नाही, सुपलं हातातून घेतलं आणि केर टाकला. म्हणाली, “खडे असतीत.” पेव्हर ब्लॉकचे असणार. सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारायला हवं, काय दर्जाचं काम करून घेतलं ते.

संध्याकाळचं पठण. मंदा आली! दोन आठवड्यांनी आली. कोळंबीने नाही, कवितेने परत आणली. पहिली ओळ म्हटली. ती बसून राहिली. दुसऱ्या ओळीत मात्र उठली, कूस बदलली, पुन्हा बसली. नवीन जागा शोधत असावी. रसिक माणूस सभागृहात जागा बदलतो, तसंच.

१० डिसेंबर, मंगळवार

महत्त्वाची नोंद. मंदाची नखं आखूड झाली आहेत! आज ती सोफ्याखालून बाहेर आली तेव्हा नीट पाहिली. लांबूनच पाहिली, ती थांबेना. पुढच्या पायांची तर बरीच.

कारणं दोन. एक, पेव्हर ब्लॉक. (गेटपर्यंतच गेलो होतो, पण गेट लांब आहे.) दोन, आणि हेच खरं, काव्य. काव्यश्रवणाने वृत्ती स्थिर होते, वृत्ती स्थिर झाली की शरीरातली वाढ आवरती होते, नखांसकट. हे शास्त्रात कुठे तरी असणारच. नसेल तर मी घालीन.

प्रेमाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. एक खडा काढून टाकला. मग म्हणाली, “तर! कवितेन काय होणा नाय!” पहिल्यांदाच माझ्याशी सहमत झाली ही बाई. तोंडात पदर का धरला होता ते कळलं नाही. तांदळाची धूळ असेल.

मोज्यांच्या त्याच लॉटमधला अजून एक फाटला. तोच अंगठा.

११ डिसेंबर, बुधवार

नखरव मंदावला आहे. पूर्वी स्वयंपाकघरातून आली तरी गॅलरीत ऐकू यायचा. आता शेजारून गेली तरी कळत नाही. कानात मळ झाला असणार. तेल घातलं. कोमट केलं होतं, जरा जास्तच कोमट झालं. आता त्या कानाने प्रेमाही ऐकू येत नाही. तेवढा फायदा.

पण दुसरी एक टकटक ऐकू येते. जिथे जाईन तिथे. मी थांबलो की थांबते. या बिल्डिंगच्या फरशा पोकळ आहेत. बांधकामातला भ्रष्टाचार, दुसरं काय.

१३ डिसेंबर, शुक्रवार

परवा दीप्ती येणार. काळजी नाही. सगळं काम माझ्या पद्धतीने पुरं होत आलं आहे. तिला सगळं व्यवस्थित समजावून सांगायचं : आधी वृत्त, मग गण, मग यती, मग नख. तिच्या मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगावं. यूट्यूबवर त्या लोणीवाल्या बाईच्या शेजारी एक तरी मराठी व्हिडिओ दिसू दे.

कुंडलिकला तिसरी ओळ सुचते का विचारलं. तो म्हणाला, ‘सीत्या, तुला चौथी लिहायची नाही ना? मग तिसरी कशाला?’ आणि फोन आला. फोन खरंच हातात होता, पण वाजला नव्हता.

१५ डिसेंबर, रविवार. दुपार.

दीप्ती आली. दार उघडताच मंदा उडी मारून तिच्या अंगावर. उडी! सोफ्याच्या कडेवरून! मी ओरडलो, अगं सांभाळ, ती मंदाक्रांता आहे! कोणी ऐकलं नाही.

दीप्तीने चारी पंजे तपासले. एकेक बोट उघडून. घेऊन जाते की काय. ती म्हणाली, वा, आई, किती छान कापलीत! प्रेमा कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, “बाबांनी कापल्यानी तुझ्या.”

माझ्याकडे बघून म्हणाली. दैवी मदतीचा प्रकार कणकेच्या हातांना कसा समजावणार?

दीप्तीचे डोळे मोठे झाले. बाबा, तुम्ही? खरंच? मग म्हणाली, एकच राहिलंय, हे वर अंगठ्याचं, दाखवा ना कसं करता, मी व्हिडिओ घेते, ग्रुपवर टाकते. कात्री कुठेय?

कात्री सुकटीच्या डब्याशेजारी होती, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मंदाने तिथे कशी ठेवली असेल?

खुर्चीत बसलो. घसा साफ केला. मोबाइल समोर. मंदाला मांडीवर घेतलं. ‘ये ना मंदे’ एवढंच म्हटलं. मंदाने कान मागे टाकले आणि मांडीवरून अशी सुटली की माझा चष्मा खाली. स्वयंपाकघर, बाथरूम, गॅलरी, पुन्हा स्वयंपाकघर. धावली! मी तिच्यामागे दोन पावलं गेलो आणि पलंगाचा पाय माझ्या अंगठ्याला लागला. त्यापुढचा शब्द वृत्तात बसणारा नव्हता. तोही रेकॉर्ड झाला.

प्रेमाने हात धुतले. पाट घेतला. डब्याचं झाकण उघडलं, फक्त उघडलं. मंदा गॅलरीतून चालत आली, तिच्या मांडीवर उताणी पडली आणि पाय पुढे केला. आपणहून! प्रेमाने एक कोळंबी दिली, एक बारीक काप घेतला, टोकाकडे बघितलं, आणखी एक कोळंबी, आणखी एक काप. संपलं. कविता नाही. यती नाही. ‘झाला गो बाय’ एवढंच म्हणाली.

दीप्तीने मोबाइल बाजूला ठेवला. तिने प्रेमाला मिठी मारली. मग मला सांगितलं, बाबा, मंदा इथेच राहू दे. आई आहे ना, मला काही टेन्शन नाही.

व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर आहे. मी पूर्णवेळ मार्गदर्शन करत होतो, ते त्यात दिसत नाही. मोबाइलचे कॅमेरे अरुंद असतात.

१५ डिसेंबर, संध्याकाळ

म्हणजे मंदा राहिली. शेवटी महत्त्वाचं तेच. श्रोता वाचला.

१६ डिसेंबर, सोमवार

संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकली. स्टीलचा पेला पाण्याने भरला, सातवीतला, तळाशी ‘प्रथम क्रमांक’ कोरलेला, क्रमांक वाचता येतो, प्रथम पुसट झालंय. मंदा समोर येऊन बसली. कानातलं तेल पुसून घेतलं होतं. सगळं पूर्वीसारखं.

‘ये ना मंदे, हळु हळु पदे टाकिशी अंगणी तू.’ ती बघत होती.

‘कानी माझ्या’ म्हणालो. ती उठली. अंग ताणलं. आणि चालत आत गेली. पावलांचा आवाज नाही. मी ‘नखरव तुझा’ म्हणून थांबलो, यती म्हणून नाही, ऐकायला थांबलो. काहीच वाजत नव्हतं. स्वयंपाकघरातून प्रेमा तिला काही तरी सांगत होती आणि ती शेपूट हलवत असणार.

म्हणजे इतके महिने ती बसली होती ते…

हे वाक्य पुरं करायची गरज नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार. सकाळी.

वाराचा प्रश्न होता. प्रेमाला तसं सांगितलं, मंगळवारी नखं नकोत. ती म्हणाली, “माका म्हायत आसा वार. हडे येवन बसा.”

गॅलरीत पाट. शेजारी डबा, कात्री, कोमट पाण्याचं घमेलं. कात्री उकळून घेतली आहे असं तिने आपणहून सांगितलं. मी म्हटलं, मला काही झालेलं नाही. ती म्हणाली, “चार महिने ऐकतय मी तुमची टकटक. फरशे फोडशात.” आणि मोजा ओढला. अंगठ्यापाशी भोक असल्यामुळे तो अर्धा आधीच निघाला होता.

माझे पाय मी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. पोट मध्ये येतं. पाहिले. त्यांचं वर्णन करायला माझ्याकडे वृत्त नाही.

पाय तिच्या मांडीवर. मंदा बाजूला बसून बघत होती, अगदी लक्ष देऊन, मान तिरकी करून. पहिल्या कापाला मी पाय मागे घेतला. प्रेमाने डबा उघडला, दुसरा, लाडवांचा, आणि अर्धा लाडू माझ्या तोंडात घातला. “हालू नकात,” म्हणाली.

हललो नाही.

तिने टोकाकडे बघितलं, पुढचा काप घेतला. तोंड भरलेलं होतं, त्यामुळे कविता म्हणायचा प्रश्न नव्हता. दुसऱ्या पायाच्या वेळी मी आपणहून पुढे केला.

“झाला,” म्हणाली.

मग उरलेला अर्धा दिला.